पोहरा सोडणारा हात



पवित्र कुरआनातील सूरह अल-बकरामध्ये १८३ ते १८७ या आयतींत रोजांचे आदेश आले आहेत. आजारी माणसाने आणि प्रवाशाने काय करावे, रात्री कशाची मुभा आहे, पहाट केव्हा मानावी, हे सर्व तेथे सांगितले आहे. हे वाचून होते न होते तोच १८८ वी आयत आपल्याला मशिदीतून उचलून थेट बाजारात आणि कचेरीच्या दारात आणून उभी करते. एकमेकांचा माल अन्यायाने खाऊ नका आणि लोकांच्या मालाचा काही भाग जाणूनबुजून गिळता यावा म्हणून तो अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवू नका, असा तिचा आशय आहे. रोजाचा आणि लाचेचा संबंध काय, असे एखाद्याला वाटेल. थोडा विचार केला तर तो दिसतो. अल्लाहच्या आज्ञेखातर जो माणूस स्वतःच्या घरातले, स्वतःच्या कमाईचे, पूर्णपणे हलाल पाणीदेखील दिवसभर ओठाला लावत नाही, त्याने संध्याकाळी हराम घास उचलावा, हे कसे पटावे?

या आयतीतील एका शब्दाकडे मी आज आपले लक्ष वेधू इच्छितो. माल अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविण्यासाठी तेथे जे क्रियापद आले आहे, त्याचा संबंध भाष्यकारांनी 'दल्व' या शब्दाशी जोडला आहे. दल्व म्हणजे विहिरीत सोडावयाचा पोहरा. आपल्या भोर आणि राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यांतील वाचकांना पोहरा समजावून सांगण्याची गरज नाही. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी एवढी धरणे या दोन तालुक्यांच्या डोंगरांत असूनही उन्हाळ्यात अनेक वाड्यांवर 'धरण उशाला आणि कोरड घशाला' अशी गत होते. तेव्हा आयाबहिणी आजही दोर घेऊन विहिरीवर उभ्या राहतात. दोर कोणाच्या हातात असतो? ज्याला पाणी हवे असते त्याच्या. विहीर कधी पोहरा मागत नाही. वर उभा असलेला माणूस आपल्या गरजेसाठी तो खाली सोडतो आणि भरला म्हणजे वर ओढून घेतो.

म्हणजे ही आयत आधी घेणाऱ्याशी बोलत नाही, देणाऱ्याशी बोलते. लाचेच्या प्रश्नावर आपण सारे ज्या बाजूने बोलतो, नेमकी त्याच्या उलट बाजूने ती सुरुवात करते.

गेल्या पावसाळ्यात भोर परिसरातील एका मशिदीत जुम्म्याच्या नमाजनंतर आम्ही काही जण बसलो होतो. बाहेर संततधार होती, कोणालाच उठण्याची घाई नव्हती. भाजीपाला आणि किरकोळ माल वाहणारा एक टेम्पोचालक पुढे सरकून म्हणाला, "मौलाना, एक मसला विचारायचा आहे. माझे लायसन्स, विमा, पीयूसी सगळे पूर्ण असते. तरी गाडी अडवतात. इंडिकेटर चालत नाही म्हणतात, नंबरप्लेट नीट नाही म्हणतात. मागे माल नासत असतो, बाजार गाठायचा असतो. दोनशे दिले की गाडी सुटते. हे देणे मला गुनाह आहे का?"

मी त्याला विचारले, "भाई, इंडिकेटर चालतो का?"

तो थोडा हसला. म्हणाला, "कधी चालतो, कधी नाही."

सगळे हसले. मीही हसलो. परंतु घरी परतताना जाणवले, की त्या बैठकीतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच होते. त्याचा प्रश्न जुलूम सोसणाऱ्याचा होता आणि उत्तर मात्र सौदा करणाऱ्याचे होते. आपल्यापैकी बहुतेकांची अवस्था हीच आहे. आपण प्रश्न एका भूमिकेतून विचारतो आणि जगतो दुसऱ्याच भूमिकेत.

लोकांची या बाबतीत मनोवृत्ती काय आहे, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी पुणे-सातारा महामार्गावर चेलाडी फाट्याला वेल्ह्याच्या रस्त्याकडे वळणाऱ्या आणि कापूरहोळला भोरकडे वळणाऱ्या गाड्या पाहा. राजगड, तोरणा, मढे घाट, भाटघरचा जलाशय, सगळीकडे गर्दी असते. एका दुचाकीवर तिघे, डोक्यावर हेल्मेट नाही, चालविणाऱ्याला मिसरूडही फुटलेले नाही. अशा मुलांना कोठेही नाकाबंदीत अडविले की त्यांच्या तोंडी पहिले वाक्य कोणते असते? "साहेब, पावती नका फाडू, मिटवून टाका ना." मिटवण्याची भाषा आधी कोण बोलला, याचा प्रामाणिकपणे विचार करा. नंतर हीच मुले घरी येऊन सांगतात, पोलिसाने शंभर रुपये खाल्ले. आणि ऐकणारा बाप विचारत नाही, की तू गाडीवर तिघे का बसला होतास. तो म्हणतो, शंभरात सुटलास, बरे झाले.

आपल्या भाषेने या व्यवहाराला किती गोड नावे दिली आहेत! चहापाणी, चिरीमिरी, मांडवली, वजन ठेवणे, हात ओले करणे, वरकमाई. यांपैकी एकाही शब्दात पापाचा वास येत नाही. आपल्या उम्मतीतील काही लोक दारूला दुसरे नाव देऊन ती पितील, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला होता. नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही, हे दारूच्या बाबतीत आपल्याला चटकन कळते. ज्या घरात दारूचा थेंब आलेला नाही, त्या घरातून चहापाण्याचे पाकीट मात्र बिनदिक्कत बाहेर जाते.

ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेने २०२० साली आशियातील देशांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात भारतातील ८९ टक्के लोकांनी शासनातील भ्रष्टाचार ही मोठी समस्या असल्याचे म्हटले होते. त्याच अहवालानुसार सार्वजनिक सेवा घेताना लाच दिल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ३९ टक्के होते, आणि पाहणी केलेल्या आशियाई देशांत ते सर्वाधिक होते. पोलिसांशी ज्यांचा संबंध आला होता त्यांच्यापैकी ४२ टक्क्यांनी पैसे दिल्याचे सांगितले. आणखी एक आकडा आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ४६ टक्के लोकांनी कामासाठी ओळख वापरली होती. या ओळखीबद्दल पुढे बोलू. येथे एवढेच पाहा, की समस्या म्हणणाऱ्यांचा जमाव आणि पैसे देणाऱ्यांचा जमाव हे दोन वेगळे जमाव नाहीत.

आता मूळ मसल्याकडे येऊ. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्याकडून आलेली आणि अबू दाऊद, तिर्मिजी व इब्ने माजा यांच्या संग्रहांत असलेली हदीस सर्वांना माहीत आहे. लाच देणारा आणि लाच घेणारा या दोघांवरही प्रेषितांनी (स.) लानत केली. हा शब्द साध्या नापसंतीचा नाही, अल्लाहच्या कृपेपासून दूर फेकले जाण्याचा आहे. आणि त्यात दोघे एकाच ओळीत उभे आहेत. एका रिवायतीत तर दोघांमध्ये फिरणाऱ्या मध्यस्थाचाही उल्लेख आहे. परवान्याच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या एजंटाने अर्ज भरून दिला, रांगेत उभा राहिला, त्याची मजुरी हलाल आहे. पण त्याच रकमेत 'साहेबांचे' मिळवलेले असतील आणि आपल्याला ते ठाऊक असेल, तर 'मी कोठे दिले, एजंटाने दिले' हे म्हणणे अल्लाहपुढे चालणार नाही. आयतीच्या शेवटी 'जाणूनबुजून' हा शब्द उगाच आलेला नाही.

मग सक्तीचे काय? टेम्पोवाल्या भावाच्या प्रश्नात तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. हक्क आपला असताना, दोष काहीच नसताना, पैशांवाचून सुटका होत नाही असे प्रसंग येतात. फुकहांनी, म्हणजे इस्लामी विधिवेत्त्यांनी, याचा विचार केलेला आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) हबशाच्या भूमीत असताना त्यांना अडकवून ठेवण्यात आले आणि दोन दीनार दिल्यावर त्यांची सुटका झाली, अशी रिवायत आहे. तिच्या आधारे अनेक विद्वानांनी असे मत दिले, की जुलूम टाळण्यासाठी किंवा स्वतःचा निर्विवाद हक्क मिळविण्यासाठी दुसरा मार्गच उरला नसेल, तर देणाऱ्यावर नव्हे, घेणाऱ्यावर गुनाह आहे.

ही सवलत वाचून अनेकांना हायसे वाटते. मात्र तिच्या अटी नीट पाहा. हक्क खरोखर आपला हवा, दुसऱ्या कोणाचा हक्क मारला जाता कामा नये, आणि दुसरा मार्ग खरोखर संपलेला हवा. हेल्मेट नाही, म्हणून अडविले. येथे आपला कोणता हक्क हिरावला गेला? मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार हेल्मेटविना दुचाकी चालविण्यास १००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना रद्द, परवान्याविना वाहन चालविण्यास ५००० रुपये दंड आहे. महाराष्ट्रात वाढीव दंडाची अंमलबजावणी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. दंड वाढला तसा सौद्याचा मोहही वाढला. हजाराऐवजी दोनशेत सुटणारा माणूस स्वतःला लुबाडला गेलेला समजतो. हिशेब केला तर त्याने आठशे रुपये मिळविले आहेत, आणि ते आठशे सरकारी खजिन्याचे, म्हणजे तुमच्या-आमच्या सर्वांचे आहेत. आयतीत म्हटलेला 'लोकांच्या मालाचा भाग' हाच. इब्ने मसऊद (रजि.) यांनी दिलेल्या दोन दीनारांशी या दोनशेचे काहीही नाते नाही.

आणि जेथे खरोखर सक्ती आहे, तेथे आपल्या देशाच्या कायद्यानेही वाट ठेवली आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात जुलै २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परंतु ज्याला देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळविले तर त्याला हे कलम लागत नाही. सक्ती झाली म्हणता ना, मग सात दिवसांत सांगा. जो सांगत नाही, त्याच्या मौनातून कायदा संमतीचाच अर्थ काढतो. चौदाशे वर्षांपूर्वीच्या अटी आणि आजचे कलम एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात, हे मला फार बोलके वाटते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक किती घरांत लिहून ठेवलेला आहे? स्थानिक पुढाऱ्याच्या स्वीय सहायकाचा क्रमांक मात्र सर्वांच्या फोनमध्ये असतो.

येथेच ओळखीचा विषय येतो. गाडी अडविली की खिशातून पैसे काढण्याआधी फोन निघतो. "थांबा साहेब, अमुक भाऊंशी बोला." यात पैसा नाही, म्हणून त्यात पापही नाही, असे आपण मानतो. बनू मखजूम या प्रतिष्ठित घराण्यातील स्त्रीने चोरी केली, तेव्हा कुरैशच्या लोकांनी प्रेषितांचे (स.) लाडके हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांना रदबदलीसाठी पाठविले. प्रेषितांचा (स.) चेहरा बदलला. अल्लाहने ठरविलेल्या शिक्षेबाबत तू शिफारस करतोस का, असे त्यांनी विचारले आणि उभे राहून लोकांना सांगितले, की तुमच्या आधीचे लोक याच कारणाने नष्ट झाले. प्रतिष्ठिताने गुन्हा केला तर ते सोडून देत आणि दुबळ्याने केला तर शिक्षा करीत. आपली स्वतःची मुलगी फातिमा (रजि.) असती तरी शिक्षा टळली नसती, असेही ते म्हणाले. त्या प्रसंगात एक दिरहमही हातावेगळा झालेला नव्हता. ज्याच्याकडे 'भाऊ' नाही अशा माणसाला त्याच नाक्यावर पूर्ण दंड भरावा लागतो. आपला फोन त्याच्यावरचा अन्याय आहे.

आपल्या भागाशी संबंधित आणखी एक गोष्ट आहे, आणि ती जिवाशी आहे. वेल्ह्याच्या आणि भोरच्या पश्चिमेकडील गावांत एसटीच्या फेऱ्या कमी, म्हणून वडाप जीपशिवाय गत्यंतर नसते. जादा प्रवासी कोंबलेली, मागे लोंबकळणारी माणसे घेऊन जाणारी जीप आपण सर्वांनी पाहिली आहे आणि तिच्यात बसलोही आहोत. महाराष्ट्रात कोठेही वडापचा विषय निघाला, की 'हप्ता ठरलेला असतो' असे लोक सहज बोलून जातात. कोठे ते खरे आणि कोठे ती अफवा, हे मी सांगू शकत नाही. पण क्षणभर धरून चला, की घासलेल्या टायरची अशी एखादी जीप कोठल्या तरी नाक्यावर शे-दोनशे रुपयांत पुढे सोडली गेली. तिच्यापुढे भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट आहे, पाऊस आहे, धुके आहे. रस्त्यातील त्रासदायक वस्तू बाजूला करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. रस्त्यावर बसणाऱ्यांनी रस्त्याचा हक्क द्यावा आणि कोणाला उपद्रव होऊ देऊ नये, हेही त्यांनी शिकविले. वाटेतला काटा उचलणे जर ईमानचा भाग असेल, तर पैसे देऊन धोका रस्त्यावर आणून सोडणे कशाचा भाग मानायचे? तेथे जे घडू शकते त्याचा हिशेब शंभराच्या नोटेत होत नाही.

'सगळेच खातात' हे वाक्य आपण फार उदारपणे वापरतो. त्याचा उपयोग पोलिसाला नावे ठेवण्यापेक्षा स्वतःला माफ करण्यासाठी जास्त होतो. २३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत खार येथे एका पेट्रोल पंपाजवळ वाहतूक शाखेचे हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन दुचाकीस्वाराला अडवून कागदपत्रे मागितली. मुलाने मोठ्या भावाला बोलावून घेतले. शिंदे यांच्या डोक्यावर प्रहार झाला आणि ३१ ऑगस्टला रुग्णालयात त्यांचे निधन झाले. कर्तव्य बजावणारा माणूस होता, म्हणून तो गेला. त्या दिवशी 'सगळेच खातात' म्हणणारे आपण कोठे होतो? अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकाला आज कायद्याने २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही दहावी पास झाल्याची भेट म्हणून दुचाकी देणारी घरे आपल्या मोहल्ल्यांत कमी नाहीत.

आमच्या वाचकांमध्ये पोलिसांची आणि सरकारी नोकरांचीही घरे आहेत. आपली मुले भरतीसाठी पहाटे मैदानावर धावतात, आया त्यांच्यासाठी दुआ करतात, याचा मला आनंद आहे. रस्त्यावर उन्हापावसात बारा-बारा तास उभे राहणे किती कष्टाचे आहे, हे त्या घरांनाच ठाऊक. त्यांच्यासाठी बुखारी आणि मुस्लिममधील तो प्रसंग सांगतो. अज्द कबिल्यातील इब्नुल लुतबिय्या नावाच्या माणसाला प्रेषितांनी (स.) बनू सुलैमकडे जकात गोळा करावयास पाठविले. परत आल्यावर त्याने मालाचे दोन ढीग केले. हा तुमचा आणि हा मला भेट मिळालेला, असे तो म्हणाला. प्रेषित (स.) मिंबरवर उभे राहिले आणि म्हणाले, की हा आपल्या आईबापाच्या घरी बसून का राहिला नाही, म्हणजे भेट येते की नाही ते कळले असते. जो असे काही घेईल तो कयामतच्या दिवशी ते मानेवर लादून येईल, उंट असेल तर तो ओरडत असेल, गाय असेल तर हंबरत असेल, बकरी असेल तर बेंबावत असेल.

आईबापाच्या घरी बसून राहण्याची ही कसोटी किती सोपी आहे! अंगावरची वर्दी काढून ठेवली, खुर्ची सोडली, तर हे पाकीट आले असते का? हा प्रश्न मुलाने स्वतःला विचारावा हे उत्तम. त्याने नाही विचारला तर आईने विचारावा. पगार किती आणि घरात वस्तू किती, हे आईला आणि पत्नीला न सांगता कळते. त्यांचे मौन हाही एक पोहराच आहे.

खैबरच्या खजुरांचा अंदाज घेण्यासाठी हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) जात असत. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आहे, की तेथील यहुद्यांनी आपल्या स्त्रियांचे दागिने गोळा करून त्यांच्यापुढे ठेवले. हे घ्या आणि आमच्या वाट्यात सवलत द्या. त्यांनी ते लाच म्हणून नाकारले आणि तिला 'सुहत' म्हटले. तुमच्याबद्दल माझ्या मनात काहीही असले तरी त्यामुळे मी तुमच्यावर अन्याय करणार नाही, असेही सांगितले. तेव्हा तेच लोक म्हणाले, की आकाश आणि पृथ्वी अशाच न्यायावर उभी आहेत. जे लाच द्यायला आले होते, त्यांनीच साक्ष दिली. या देशात आपल्या धर्माविषयी चांगले मत व्हावे, असे आपल्याला वाटते आणि त्यासाठी आपण परिषदा भरवितो, पुस्तके वाटतो. नाक्यावर शांतपणे "साहेब, चूक माझी आहे, चलन करा" म्हणणारा एक दाढीवाला माणूस त्या पोलिसाच्या मनात काय ठेवून जाईल, याचा कधी विचार केला आहे?

ज्या राजगडाच्या पायथ्याशी आपण राहतो, तो गड शिवाजी महाराजांची कित्येक वर्षे राजधानी होता. चिपळूणजवळ छावणी असताना त्यांनी आपल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा, वैरण, लाकूडफाटा, भाजी सारे बाजारातून विकत आणा आणि रयतेला यत्किंचितही उपद्रव देऊ नका, अशी त्यात ताकीद आहे. तेव्हा ही शिकवण आपल्या मातीला परकी नाही.

मला स्वतःलाही यातून सुटका नाही. सूरह अल-माइदाच्या ६३ व्या आयतीत सुहत खाणाऱ्यांबरोबर त्यांच्या विद्वानांनाही विचारलेले आहे, की तुम्ही त्यांना रोखले का नाही. जुम्म्याच्या खुतब्यांत मी व्याजावर बोललो, दारूवर बोललो, हुंड्यावर बोललो. लाच देण्यावर किती वेळा बोललो? बोटांवर मोजण्याइतके. कारण समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांना ते लागू होते, आणि एकदा मलाही लागू झाले होते. एका दाखल्यासाठी मी हेलपाटे घालून कंटाळलो आणि सोबतच्या माणसाने 'मी बघतो' म्हटले तेव्हा मान फिरवून उभा राहिलो. दाखला त्याच दिवशी मिळाला. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे, ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते, हे मला तेव्हा ठाऊक होते. माझा मार्ग संपलेला नव्हता, संपला होता तो माझा धीर. मी तौबा केली आहे, अल्लाह ती स्वीकारो. परंतु तो दाखला अजून कपाटात आहे आणि कपाट उघडताना नजर त्याच्यावर जातेच.

आता व्यवहाराचे थोडे. वाहनाची कागदपत्रे डिजीलॉकरमध्ये ठेवली तर ती नियमानुसार मूळ कागदांप्रमाणेच ग्राह्य आहेत, तेव्हा 'कागद घरी राहिले' ही सबब उरत नाही. चूक असेल तर ई-चलन करावयास सांगावे आणि दंड भरावा. चूक नसेल तर शांतपणे, उर्मटपणा न करता, कोणत्या कारणासाठी आणि किती दंड हे विचारावे आणि पावतीचा आग्रह धरावा. चुकीचे चलन झाले तर तक्रार करता येते. सातबाऱ्याचा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या १५ रुपयांत मिळतो, त्यासाठी कोणाचे हात ओले करण्याचे कारण नाही. या सगळ्यात वेळ जातो हे खरे. माल नासतो, बाजार चुकतो, गिऱ्हाईक दुसरीकडे जाते, हेही खरे. हलालची किंमत जास्त असते, हे मी तुमच्यापासून लपविणार नाही.

सहीह मुस्लिममधील एका हदीसीत लांबच्या प्रवासाने धुळीने माखलेल्या, केस विस्कटलेल्या माणसाचे वर्णन आहे. तो आकाशाकडे हात उचलून 'हे पालनकर्त्या, हे पालनकर्त्या' म्हणतो, पण त्याचे अन्न हराम, पेय हराम, वस्त्र हराम, मग त्याची दुआ कशी कबूल व्हावी? मुसाफिराची दुआ कबूल होण्याच्या फार जवळ असते, असे आपण मानतो. या माणसाच्या बाबतीत तो सारा रस्ताच वाया गेला.

त्या टेम्पोवाल्या भावाची भेट पुढे बराच काळ झाली नाही. बकरी ईदच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला. मोहल्ल्यातील काही घरांसाठी तो दरवर्षी बाजारातून बकऱ्या आणतो. एकाच खेपेत आणायच्या तर त्या गाडीत कोंबाव्या लागतात, मुक्या जनावरांचे हाल होतात आणि वाटेत कोठे ना कोठे मिटवावे लागते. कुर्बानीच्या बकऱ्या अशा वाटेने आणाव्यात हे त्याच्या मनाला पटेना, म्हणून यंदा त्याने दोन खेपा केल्या. डिझेल दुप्पट लागले, भाडे थोडे वाढवावे लागले, दोन घरांनी कुरकुर केली आणि एकाने पुढच्या वर्षी दुसरा टेम्पो पाहतो असे सांगितले. हे सर्व त्याने तक्रारीच्या सुरात सांगितले, आणि माझ्याकडून काही ऐकण्याची अपेक्षाही नव्हती.

"आणि इंडिकेटर?" मी विचारले.

"बसवला, मौलाना," तो म्हणाला. "साडेतीनशे लागले."